फोकस आग्ता इल्ला, सार!

कॅमेरादुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या तक्रारी मोजक्याच असतात. कॅमेरा पडला, कॅमेरा भिजला, लेन्सला बुरशी लागली, आणि फोकस लागत नाही. पहिल्या तिन्हींत काहीतरी बिघडलेलं असतंच; फक्त किती उंचावरून पडला हे सांगताना गिऱ्हाईक थोडी कपात करतं. चौथीचं प्रकरण निराळं. नवशिक्याचा कॅमेरा, सोबत आलेली किट लेन्स आणि 'फोकस लागत नाही' असा योग जुळला की बहुतेक वेळा आम्हाला स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावाच लागत नाही. धंद्यातली माणसं हे मोठ्याने बोलत नाहीत. मी आज बोलणार आहे.

आमचं दुकान बनशंकरी सेकंड स्टेजला, बीडीए कॉम्प्लेक्सपासून चालत जाता येईल अशा गल्लीत. मालक कन्नडिग, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी मूळचा बेळगावचा. मागच्या टेबलावर भिंग लावून बसतो. काउंटरवर मराठी ऐकू आलं की अण्णा मान न वळवता हाक देतात, "निम्मवरु बंदिद्दारे!" तुमची माणसं आलीत, ये पुढे. बनशंकरीत आणि शेजारच्या कुमारस्वामी लेआउटात इंजिनिअरिंगची कॉलेजं असल्याने निम्मं गिऱ्हाईक विशीतलं. उरलेल्यांत निवृत्त माणसं, घरगुती साडीवाल्या, आणि रविवारी पहाटे तुरहळ्ळीच्या रानात पक्षी शोधणारे आयटीवाले. कुणीही असो, काउंटरवर कॅमेरा ठेवून पहिलं वाक्य तेच येतं: "फोकस आग्ता इल्ला, सार." फोकस लागत नाही, साहेब.

एकदा एक जावई आपल्या सासऱ्यांना घेऊन आले. कॅमेरा जावयानेच दिवाळीला भेट दिलेला. सासरे सदाशिव पेठेतले, हिवाळ्यापुरते लेकीकडे राहायला आलेले. "आमच्या यांनी घेतला तो पीसच डिफेक्टिव्ह निघाला," असं त्यांनी जावयाच्या देखत, त्याच्याकडे न बघता सांगितलं. अण्णांनी कॅमेरा हातात घेतला, एक नजर टाकली आणि काही न बोलता माझ्याकडे आत पाठवला. लेन्सच्या डाव्या अंगाला एक इवला खटका असतो: एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला मॅन्युअल. तो मॅन्युअलवर होता. कॅमेरा पिशवीत कोंबताना अस्तराला घासून हा खटका सरकतो आणि मालकाला पत्ता नसतो.

अण्णांचा याबाबत एक नियम आहे. खटका गिऱ्हाइकासमोर सरकवायचा नाही. कॅमेरा आत न्यायचा, ब्लोअरने धूळ उडवायची, लेन्सच्या मागचे सोनेरी काँटॅक्ट कोरड्या मऊ फडक्याने पुसायचे, दोन फोटो काढून बघायचे आणि मग बाहेर द्यायचा. पैसे घ्यायचे नाहीत. जाता जाता, "पिशवीत ठेवताना हा खटका बघत चला, आपोआप सरकतो," एवढंच सांगायचं. माणसाचा मान राहतो आणि पुढच्या वेळी तो खरोखरच बिघडलेली वस्तू घेऊन आपल्याकडेच येतो. त्या दिवशी हा सगळा शिष्टाचार वाया गेला. मी बाहेर येऊन "काँटॅक्ट साफ केले" म्हणतोय तोवर सोबतचा नातू म्हणाला, "आजोबा, हे बटण मघाशी तिकडे होतं." जावयाच्या चेहऱ्यावरचं समाधान मी अजून विसरलेलो नाही.

सगळीच दुकानं असं वागतात असं नाही. खटका सरकवायचा, कॅमेरा दोन दिवस कपाटात ठेवायचा आणि 'मोटर सर्व्हिसिंग' म्हणून पावती फाडायची, हेही आमच्या धंद्यात चालतं. म्हणून दुकानदाराला जरूर विचारा: काय बदललं, जुना भाग कुठे आहे? त्या प्रश्नाने भले भले गडबडतात.

आता थोडं आतलं. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, फोकस बघण्याचं काम सेन्सर करत नाही. समोरचा आरसा मधल्या भागात अर्धपारदर्शक असतो. थोडा प्रकाश त्यातून आरपार जातो, मागच्या छोट्या दुय्यम आरशावर आपटतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या यंत्रणेकडे वळतो. तिथे लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी पडतात. त्यांच्यातलं अंतर ठरावीक मापाचं असेल तर फोकस बरोबर. कमी-जास्त असेल तर मोटर कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची हे लगेच कळतं. म्हणून ही पद्धत झटपट चालते. पण जुळवायला प्रतिमेत काहीतरी खूण हवी: कड, रेघ, पोत. कोऱ्या भिंतीवर फोकस मागणं म्हणजे कोऱ्या पाटीवरचं शुद्धलेखन तपासायला सांगणं.

या यंत्रणेच्या जन्माचे किस्से आमच्या दुकानातल्यांपेक्षा मसालेदार आहेत. तिचं एक मूळ अमेरिकेच्या हनीवेल कंपनीत आहे. हनीवेलच्या व्हिजिट्रॉनिक नावाच्या भागावर जपानच्या कोनिकाने १९७७ साली सी३५ एएफ हा कॅमेरा बाजारात आणला. आपोआप फोकस करणारा, मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला कॅमेरा तो. पुढच्याच वर्षी पोलरॉइडने वेगळी वाट धरली. त्यांचा एसएक्स-७० सोनार वटवाघळासारखा न ऐकू येणारा आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून अंतर काढायचा. अंधारातही चालायचं ते. पण खिडकीच्या काचेतून फोटो काढायला गेलं की आवाज काचेवरच आपटून परत यायचा आणि फोकस काचेवर! आज आगगाडीच्या खिडकीतून काढलेले धूसर फोटो घेऊन कुणी आलं की मी हा किस्सा सांगतो. आजच्या कॅमेऱ्याचं कारण वेगळं असतं, तो काचेवरच्या डागांना धरून बसतो. पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

खरी क्रांती १९८५ साली मिनोल्टाने केली. मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यात फोकसची यंत्रणा आणि मोटर दोन्ही बॉडीतच बसवलेली होती. बाकीच्या कंपन्या हडबडल्या. अमेरिकेत या कॅमेऱ्याचं नाव मॅक्झम. त्या नावातले दोन एक्स एकमेकांत गुंतवलेले होते, त्यावर एक्झॉन या तेल कंपनीने हरकत घेतली, कारण त्यांच्या चिन्हातही तसेच गुंतलेले एक्स. मिनोल्टाला अक्षरं बदलावी लागली आणि आधीचे गुंतलेल्या एक्सवाले कॅमेरे संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसले. हे निभावलं, पण हनीवेलचं प्रकरण नाही निभावलं. पेटंट मोडल्याचा दावा लागला आणि १९९२ साली मिनोल्टाने साडेबारा कोटींहून अधिक डॉलर मोजून तडजोड केली. पाठोपाठ इतरांनीही हनीवेलशी मिटवून घेतलं. मिनोल्टा पुढे २००३ मध्ये कोनिकात विलीन झाली आणि २००६ मध्ये कॅमेऱ्यांच्या धंद्यातूनच बाहेर पडली. तो वारसा सोनीकडे गेला. ज्यांनी ऑटोफोकसची क्रांती केली, तेच आज कॅमेरे बनवत नाहीत. अण्णांच्या कपाटात वरच्या फळीवर एक मिनोल्टा ७००० आहे. ते तो विकत नाहीत.

मोटर बॉडीत की लेन्समध्ये, हा जुना वाद आजही आमच्या काउंटरवर येऊन आदळतो. कॅननने १९८७ साली ईओएस काढताना मोटर लेन्समध्ये घातली आणि विषय संपवला. निकॉनने बराच काळ ती बॉडीत ठेवली, आणि मग २००६ च्या डी४० पासून नवशिक्यांच्या स्वस्त बॉडीतून काढून टाकली. डी३०००, डी३१००, डी३२०० पासून डी३५०० पर्यंत, शिवाय डी५००० च्या मालिकेतही ती नाही. परिणाम काय? कॉलेजचा पोरगा पॉकेटमनी साठवतो, कुणाकडून तरी सेकंडहँड ५० मिलिमीटर एफ १.८ डी लेन्स घेतो, कारण यूट्यूबवर सगळे म्हणतात की पोर्ट्रेटला 'निफ्टी फिफ्टी'च हवी. लेन्स लावतो. लेन्स बसते, फोटो निघतो, फोकस मात्र हलतही नाही. असा एक पोरगा जवळजवळ रडकुंडीला येऊन आमच्याकडे आला होता. विकणारा फोन उचलेना. लेन्स उत्तम स्थितीत होती, कॅमेराही. फक्त त्या लेन्सला बॉडीतल्या मोटरचा दांडा लागतो आणि त्या बॉडीत मोटरच नाही. लेन्सच्या माउंटवर कडेला एक बारीक खाच दिसते, स्क्रू ड्रायव्हर घालावा तशी. लेन्सच्या नावात एएफ-एस ही अक्षरं नाहीत आणि ही खाच आहे, तर स्वस्त निकॉन बॉडीवर ती हाताने फिरवावी लागणार हे समजून चाला.

मी त्याला म्हटलं, लेन्स परत देऊ नकोस. हाताने फोकस करायला शिक. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका असतो. रिंग फिरवताना तो स्थिर पेटला की फोकस बसलेला असतो, मोटर असो वा नसो. याच बेंगळुरूत टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखी माणसं फिल्मच्या काळात पक्ष्यांचे जगन्मान्य फोटो काढत होती, तेव्हा फोकस हातानेच लागायचा. पोरगा ते पटल्यासारखा गेला. नंतर त्याने एएफ-एस वाली लेन्सही घेतली, हा भाग वेगळा.

उलट प्रकारही होतो. निकॉनच्या २०१६ पासूनच्या एएफ-पी किट लेन्स डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर लावल्या तर फोकसच होत नाही, हातानेही नाही. घेण्यापूर्वी बॉडी सोबत न्या आणि लावून बघा, याला पर्याय नाही.

आता बनशंकरी म्हटलं की देवी आलीच. कनकपुरा रस्त्यावरचं हे देऊळ १९१५ चं, पण देवी मूळची बदामीची. तिकडची बनशंकरी म्हणजे शाकंभरी, आपल्याकडच्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. पौषात शाकंभरी नवरात्र सुरू झालं की बेंगळुरूत नोकरीला आलेल्या, बदामीला जाणं न जमणाऱ्या मराठी कुटुंबांची इथे रीघ लागते. इथली गंमत अशी की एरवी अशुभ मानलेल्या राहुकाळात इथे पूजा होते. मंगळवारी दुपारी ३ ते ४.३०, शुक्रवारी सकाळी १०.३० ते १२. अर्धं लिंबू पिळायचं, साल उलटी करायची, त्यात तेल-वात घालून दिवा लावायचा. अशा शेकडो लिंबांच्या पणत्या एका वेळी तेवतात. फोटो काढण्याचा मोह कुणाला होणार नाही?

सोलापूरकडची एक मुलगी अशाच एका मंगळवारी देवळातून थेट आमच्याकडे आली. हातात कॅनन १३००डी, चेहरा वैतागलेला. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही हे ती जाणून होती. तिला फक्त बाहेरच्या ओळीतल्या दिव्यांचा फोटो हवा होता. शटर अर्धं दाबलं की लेन्स मागेपुढे नुसती धापा टाकायची. आमच्या भाषेत 'हंट' करायची. वर कॅमेऱ्याचा फ्लॅश आपोआप उघडून चमचम करायला लागला. दिवे लावणाऱ्या बायका चमकून बघायला लागल्या आणि एका आजींनी हात जोडून तिला बाजूला व्हायला सांगितलं.

ती म्हणाली, "काका, अंधारात हा कॅमेरा कामाचाच नाही." मी मेमरी कार्ड मागितलं. नशिबाने तिने फोटो डिलीट केले नव्हते. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा आपली जन्मपत्रिका लिहून ठेवतो: कुठली लेन्स, किती झूम, शटर किती. तिच्या पत्रिकेत अंधार नव्हताच. दुपारचे साडेतीन, मंडपात फोकसला पुरेल इतका उजेड. लेन्स मात्र किटची नव्हती, ५५-२५० होती. जुन्या ५५-२५० ला कमीत कमी १.१ मीटर अंतर लागतं. त्याहून जवळ ती बघूच शकत नाही. आणि ही दिव्यांवर वाकून दोन फुटांवरून फोटो काढत होती. किटची १८-५५ लावली असती तर २५ सेंटिमीटरपर्यंत जाता आलं असतं. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजायचं नाही, सेन्सरपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर आडव्या रेघेने छेदलेलं एक छोटं वर्तुळ कोरलेलं असतं, ती सेन्सरची जागा. कॅमेरा वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते कधी निरखून पाहिलं असेल.

फ्लॅशची भानगडही कॅमेऱ्याच्या भलेपणातून झाली होती. कॅननच्या या नवशिक्या बॉडीत फोकसला मदत करणारा वेगळा दिवा नाही. उजेड कमी वाटला की तो फ्लॅशच फडफडवतो. पूर्ण ऑटोमधून बाहेर येऊन पी मोडवर गेलं आणि फ्लॅश मिटलेला ठेवला की हे थांबतं. मी तिला आणखी एक सांगितलं: ज्योतीवर फोकस मागू नकोस. ज्योत हलते, तिच्या वरची तापलेली हवा थरथरते, धूर वेगळाच. मधला बिंदू निवड आणि तो लिंबाच्या पिवळ्या सालीच्या कडेवर ठेव, मागे काळा दगड असेल तर उत्तमच. या बॉडीत ९ फोकस बिंदू आहेत, पण उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा फक्त मधला. बाकीचे एकाच दिशेच्या रेषा बघतात. पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा देवळात गेली. फोटो छान आला होता. दुकानात दाखवायला आली तेव्हा अण्णांनी आधी फोटोला नमस्कार केला, मग फोकस बघितला.

एकाच दिशेच्या रेषांवरून आठवलं. आमच्याकडे एक काकू यायच्या, घरून इरकली साड्या विकायच्या. इरकल म्हणजे इळकल, बदामीच्याच बागलकोट जिल्ह्यातलं गाव. तिथून माल आणायच्या, टेबलावर घड्या मांडून फोटो काढायच्या आणि व्हॉट्सअॅपवर टाकायच्या. त्यांची तक्रार चमत्कारिक होती. काही साड्यांवर फोकस लागतो, काहींवर नाही. "कॅमेऱ्याला पण आवडनिवड असते की काय?" त्यांच्या मुलाने दोनदा लेन्स बदलण्याचा सल्ला दिला होता. साध्या, गडद, बिनरेघांच्या अंगावर फोकस लागत नव्हता, कारण धरायलाच काही नाही. आडव्या बारीक रेघांच्या साडीवर बाजूचे बिंदू आंधळे होत होते. इलाज फुकटचा: रेघा असतील तर कॅमेरा उभा करून फोकस लावा, मग शटर अर्धं दाबलेलंच ठेवून आडवा करा. साधं अंग असेल तर काठावर फोकस घ्या, नाहीतर किमतीची चिठ्ठी साडीवर ठेवा, तिच्यावर फोकस घ्या आणि चिठ्ठी उचला. काकूंनी नंतर चिठ्ठीऐवजी सुईच वापरायला सुरुवात केली. त्या जास्त हुशार.

सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या कहाण्यांवर वेगळा लेख होईल. एक सांगतो. तुरहळ्ळीत पक्षी टिपणाऱ्या एका गृहस्थांनी आपला जुना कॅनन विकला. घेणाऱ्या मुलीचा फोकस काही केल्या लागेना. शटर अर्धं दाबलं तरी लेन्स ढिम्म. खटका ऑटोवर, काँटॅक्ट स्वच्छ, दुसरी लेन्स लावली तरी तेच. पक्षीवाले लोक शटरवरून फोकस काढून टाकतात आणि अंगठ्याखालच्या तारांकित बटणावर देतात, म्हणजे पक्षी फांदीवर बसला की अंगठा सोडायचा आणि फोकस तिथेच थांबतो. त्यांची सोय, तिची अडचण. तिने मेनूतून सगळी सेटिंगं पुसली होती, तरी हे गेलं नव्हतं. कारण कॅननमध्ये कॅमेऱ्याची सेटिंगं वेगळी पुसतात आणि कस्टम फंक्शन वेगळी. दुसरी ओळ दाबली आणि कॅमेरा बरा झाला. जुना कॅमेरा घेतलात तर दोन्ही पुसा.

चष्मेवाल्यांसाठी एक ओळ: व्ह्यूफाइंडरमधून धूसर दिसतं पण पडद्यावर फोटो लख्ख आहे, तर कॅमेऱ्यात दोष नाही. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक चिमुकलं चाक असतं, ते आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं. घरात चारजण एकच कॅमेरा वापरत असतील तर ते चाक दर आठवड्याला फिरणार.

गणपतीत आणखी एक साथ येते. महाराष्ट्र मंडळात किंवा सोसायटीत आरती झाली की दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन माणसं हजर. ताटातली निरांजनं सुरेख, काकांचा चेहरा भुताटकीसारखा. कॅमेऱ्याला सगळे बिंदू मोकळे सोडले की तो बहुधा जे सर्वांत जवळ आणि ठळक आहे ते धरतो. ताट पुढे, काका मागे. एकच बिंदू निवडा, तो डोळ्यावर ठेवा. आणि त्याच फोटोंत बऱ्याचदा फोकस बरोबर असूनही चित्र थरथरलेलं असतं, कारण शटर १/१० सेकंदावर आलेलं. कॅमेरा हलला तर सगळं चित्र एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतं, माणूस हलला तर फक्त तो माणूस. फोकस चुकला तर चित्रात कुठेतरी, भले मागच्या पडद्यावर, बहुधा काहीतरी लख्ख असतं. एवढा फरक बघता आला तरी निम्मी चिंता मिटते.

मग खरे बिघाड कुठले? आहेत ना. सर्वांत वाईट, माणसाने स्वतः केलेले. खटका ऑटोवर असताना जुन्या पद्धतीच्या किट लेन्सची रिंग जोर लावून फिरवली की आतले प्लास्टिकचे दाते झिजतात. मग लेन्स 'कर्र कर्र' करते आणि थांबते. तो आवाज मी काउंटरपलीकडून ओळखतो. दुसरं, आरसा स्वच्छ करायला कापसाची काडी घालणारे. पुढचा आरसा वाचतो, पण मागचा दुय्यम आरसा किंचित वाकतो. मग फोकस नेहमी थोडा पुढे किंवा थोडा मागे लागतो. तिसरं, हळदीचे कार्यक्रम. हळद काँटॅक्टमध्ये गेली की आठवडाभर निघते.

यात कॅमेरा की लेन्स, हे ओळखायची आमची युक्ती साधी आहे. तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर, दुसरी लेन्स याच बॉडीवर. दोष ज्याच्या मागे फिरतो, तो गुन्हेगार. पुढची पायरी, तीच वस्तू एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूवर फोकस करून बघणे. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर जातो आणि कॅमेरा थेट सेन्सरवरची प्रतिमा बघून, हळू पण नेमका फोकस लावतो. लाइव्ह व्ह्यूवर लख्ख आणि व्ह्यूफाइंडरमधून धूसर, म्हणजे आरशाच्या रस्त्यात गडबड. वर्तमानपत्र तिरकं ठेवून मधल्या ओळीवर फोकस घ्या. लख्ख ओळ वेगळीच निघाली तर पुरावा मिळाला. महागड्या बॉडीत हे मेनूतून दुरुस्त करता येतं. नवशिक्यांच्या बॉडीत ती सोय कंपन्यांनी दिलेली नाही, तेव्हा टेबलावर आणावाच लागतो. ही कंजुषी मला कधीच पटलेली नाही. दुरुस्त करायची सोय ज्याला सर्वांत जास्त हवी, त्यालाच नाही.

आता आरशाचे कॅमेरे जात चालले आहेत. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सरच फोकस बघतो, डोळा शोधतो, माणूस वळला तरी धरून ठेवतो. पुढे-मागे फोकस लागण्याचा तो आजार त्यात जवळजवळ संपला. अण्णा म्हणतात, आपला धंदा बसणार. मला तसं वाटत नाही. परवाच एक मुलगा नवा कोरा बिनआरशाचा कॅमेरा घेऊन आला, फोकस आग्ता इल्ला म्हणत. लेन्सवर बोटाचा ठसा होता. लोण्याचा. बहुधा बेण्णे डोशाचा.

तर कॅमेरा घेऊन आमच्याकडे, किंवा तुमच्या गावच्या दुकानात जाल, तेव्हा एवढं करा. खटका बघा, काच बघा, एक पाऊल मागे सरून पुन्हा फोटो काढून बघा. तरी नाहीच जमलं तर नेहमी वापरता ती लेन्स, चार्ज केलेली बॅटरी आणि ते बिघडलेले फोटो असलेलं कार्ड सोबत न्या. फोटो डिलीट करू नका. आणि आमच्या दुकानात येणार असाल तर मंगळवारी दुपारी येऊ नका. त्या वेळी अण्णा देवळात असतात.